शिक्का तुझा, पाटी कंपनीची

छोटे, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि तुझ्या दाजींना म्हटलं, "अहो, ही एका साइटवरून एकोणपन्नास डॉलरमध्ये कंपनी काढायला निघालीये." मॅचवरची नजर न काढता ते म्हणाले, "बहीण कुणाची!" हसले मी, पण नंतर झोप लागेना.

कारण २०११ साली मीही नेमकं हेच केलं होतं. रविवारची रात्र, सिंकमध्ये भांडी तशीच, आणि मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून क्रेडिट कार्डाचा नंबर घालतेय. साइटनं विचारलं, धंदा कसला? मी बिनधास्त 'कन्सल्टिंग' निवडलं. महिन्याभरात सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट घरी आलं. ते फ्रेम करून घेतलं, आणि फ्रेमच जास्त महाग पडली. मग पहिलं काम आलं, क्वीन्समधल्या एका जुन्या अपार्टमेंट बिल्डिंगच्या पॅरापेटचं. मॅनेजिंग एजंटनं एका ओळीची मेल पाठवली: तुमच्या फर्मचं सर्टिफिकेट ऑफ ऑथोरायझेशन जोडा. मी माझं इंजिनियरचं, म्हणजे पीई लायसन्स जोडलं. तो म्हणाला, हे तुमचं झालं, फर्मचं पाठवा.

फर्मचं नव्हतंच. मिळणारही नव्हतं, कारण न्यूयॉर्कमध्ये साध्या एलएलसीला इंजिनियरिंगची सेवा देता येत नाही. त्यासाठी प्रोफेशनल, म्हणजे पीएलएलसीच लागते, आणि तिचा रस्ता पहिल्या पावलापासून वेगळा आहे. मी परत शून्यापासून सुरुवात केली. राज्याची फी दुसऱ्यांदा, पेपरातल्या जाहिराती दुसऱ्यांदा. पहिल्या वेळच्या जाहिराती मॅनहॅटनच्या दरानं गेल्या होत्या, त्यांचं दुःख अजून आहे. पॅरापेटचं काम तोवर दुसऱ्याकडे गेलं. फ्रेम मात्र वाया गेली नाही, त्यात हल्ली बाबांचा फोटो आहे.

तर आता नीट ऐक. चहा घेऊन बस.

तुला मजा वाटेल, पण इथं इंजिनियरचं लायसन्स शिक्षण खात्याकडे असतं. बांधकाम खातं नाही, उद्योग खातं नाही, शिक्षण खातं. तुझं लायसन्स आलं तेव्हा पाकिटावर ऑल्बनीचा पत्ता होता ना, तेच ते. वॉशिंग्टन अव्हेन्यूवर लांबलचक खांबांची रांग असलेली १९१२ सालची इमारत आहे त्यांची, कधी गेलीस तर बघ, स्ट्रक्चरलवाल्या माणसाला बघत राहावंसं वाटेल अशी आहे. कंपन्या नोंदवणारं डिपार्टमेंट ऑफ स्टेट त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर. पण एकाचा कागद दुसऱ्याकडे आपणहून चालत जाईल असं समजू नकोस. आपल्याकडे तलाठी आणि तहसील एका आवारात असतात म्हणून सातबारा आपोआप होतो का?

आधी शिक्षण खात्याकडे जायचं. कंपनीत सभासद होणारा प्रत्येक जण लायसन्सधारक आहे आणि त्याचं रजिस्ट्रेशन चालू आहे, असा दाखला ते देतात. तो जोडल्याशिवाय डिपार्टमेंट ऑफ स्टेट पीएलएलसीचे कागद घेत नाही. तिथली फी २०० डॉलर. कागद दाखल झाले की ३० दिवसांच्या आत त्याची सर्टिफाइड कॉपी परत शिक्षण खात्याला. आणि मग ते सर्टिफिकेट ऑफ ऑथोरायझेशन, ज्याच्यापायी माझं पॅरापेट गेलं. ते दर तीन वर्षांनी नवं करायचं, तुझ्या लायसन्ससारखंच. हातात येईपर्यंत कुणाला कोटेशनसुद्धा पाठवू नकोस. काम करणं तर सोडच, 'आम्ही हे काम करतो' असं फर्मच्या नावानं सांगणंही त्या मनाईत येतं.

मधे ती पेपरातली जाहिरात. कंपनी अस्तित्वात आल्यापासून १२० दिवसांच्या आत, दोन पेपरांत, एक दैनिक आणि एक साप्ताहिक, ओळीनं सहा आठवडे. पेपर कोणते ते आपण ठरवायचं नाही, काउंटी क्लार्क सांगणार. ही खोड या राज्याला १८२२ पासूनची आहे. तेव्हा त्यांनी मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा कायदा केला, अमेरिकेतला पहिला, आणि लोकांना कळावं म्हणून सहा आठवडे दोन पेपरांत छापा असं ठरवलं. तेव्हा लोक पेपर वाचायचे. आता त्या जाहिराती पेपरवाल्यांखेरीज कुणी वाचत असेल असं मला वाटत नाही, पण कायदा कायदा आहे. दर काउंटीप्रमाणे बदलतो. मॅनहॅटनमध्ये हजार डॉलरच्या पुढे सहज जातो, ऑल्बनी काउंटीत काही शेकड्यांत भागतं. म्हणून पुष्कळ लोक कागदोपत्री ऑफिस ऑल्बनी काउंटीत दाखवतात. कायद्यात त्या ऑफिसात बसून धंदा केलाच पाहिजे असं नाही, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. फक्त सरकारी पत्रं आणि नोटिसा कुठल्या पत्त्यावर येणार ते लक्षात ठेव, आणि तो पत्ता वर्षानुवर्षं जिवंत ठेव. जाहिराती झाल्या की पेपरवाल्यांची प्रतिज्ञापत्रं आणि ५० डॉलर भरून प्रकरण मिटवायचं. नाही मिटवलं तर कंपनी बुडत नाही, तू केलेले करारही रद्द होत नाहीत, पण पैसे थकवणाऱ्या क्लायंटवर दावा लावायला गेलीस की समोरचा वकील पहिली गोष्ट हीच काढणार.

बाकीचं बारीकसारीक. कंपनीचा कर-नंबर, ईआयएन, आयआरएसकडून फुकट मिळतो, कुणी पैसे मागितले तर समज की लुटतोय. दर दोन वर्षांनी ९ डॉलरचं स्टेटमेंट. सभासद एकटीच असशील तर वर्षाला २५ डॉलरची राज्याची फी. झालं. एवढ्यासाठी कुणा साइटची गरज नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर एका वकिलावर कर, आणि तो इंजिनियर-आर्किटेक्टची कामं करणारा असू दे. घरांचे व्यवहार करणारा नको.

आता खरं बोलायचं ते.

काल तू म्हणालीस, "ताई, एकदा कंपनी झाली की निदान घर तरी सुरक्षित." हे वाक्य मला टोचलं. तुझी चूक नाही, एलएलसीचं नावच तसं ठेवलंय. लिमिटेड लायबिलिटी! पण पीएलएलसीच्या कायद्यात एक कलम आहे, त्यात सरळ लिहिलंय की सभासद स्वतःच्या हातून झालेल्या निष्काळजीपणाला, किंवा त्याच्या थेट देखरेखीखाली दुसऱ्यानं केलेल्या निष्काळजीपणाला, स्वतः आणि पूर्णपणे जबाबदार. मग कंपनीनं वाचवलं कशापासून? ऑफिसच्या भाड्यापासून, प्रिंटरच्या लीजपासून, भागीदारानं केलेल्या चुकीपासून. तेही भाड्याच्या करारावर तू वैयक्तिक हमी दिली नसशील तर. आणि नवीन कंपनीकडून घरमालक आणि बँक ती हमी मागतातच. तुझ्या शिक्क्यापासून मात्र कंपनी तुला वाचवत नाही.

मला हे पुस्तकात वाचून कळलं नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात एक माणूस ऑफिसच्या दारात आला, मला वाटलं पार्सल असेल. जाड पाकीट. ब्रुकलिनमधल्या एका बेसमेंटच्या अंडरपिनिंगचं काम केलं होतं मी, शेजारच्या घराच्या भिंतीला भेगा पडल्या म्हणून शेजाऱ्यानं सगळ्यांना कोर्टात खेचलं होतं. मालक, कॉन्ट्रॅक्टर, आर्किटेक्ट. खाली माझ्या कंपनीचं नाव. मी मनात म्हटलं, बरं झालं कंपनी काढली. मग पान उलटलं. कंपनीच्या खालच्या ओळीत माझं नाव. पूर्ण नाव, मधल्या नावासकट. बाबांचं नाव न्यूयॉर्कच्या कोर्टाच्या कागदावर मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. पाकीट घेऊन कितीतरी वेळ कोट घालूनच खुर्चीत बसले होते, हीटर चालू असताना.

त्यातून मला वाचवलं ते कंपनीनं नाही, फोटोंनी. काम सुरू व्हायच्या आधी शेजारच्या घराची पाहणी करून फोटो काढायची पद्धत आहे इथं. मी स्वतः गेले होते. तिथल्या बाईंनी मला बेसमेंटमध्ये नेलं, बॉयलरच्या मागं सांदीत वाकून मी भेगेवर गेज लावून फोटो घेतला होता, बाजूला तारखेची चिठ्ठी धरून. माझ्याबरोबरचा पोरगा म्हणाला होता, "आत कशाला जाता, बाहेरून दिसतंय की." ज्या भेगेवर सगळा दावा उभा होता ती भेग त्या फोटोत आधीच होती, रुंदीसकट. मी तेव्हा काही फार शहाणपणा केला नव्हता. तुला आठवतं, बाबा एमबीवर, म्हणजे मोजमापाच्या वहीवर, सही करायच्या आधी स्वतः साइटवर जायचे? खात्याचा टेप असताना स्वतःचा टेप खिशात. मिरजेजवळच्या त्या मोरीच्या कामात कॉन्ट्रॅक्टरच्या मुकादमानं टेप धरला तर बाबांनी त्याच्या हातातून काढून माझ्या हातात दिला होता, मी सातवीत होते. त्या बॉयलरमागं मी तेच केलं, एवढंच.

दावा दीड वर्षानं मिटला, माझ्याकडून फारसं काही न जाता. फारसं म्हणजे दहा हजार डॉलर. पॉलिसीतली तेवढी पहिली रक्कम माझ्या खिशातून होती आणि ती वकिलांतच गेली.

म्हणून कंपनीच्या आधी विम्याचं बघ. प्रोफेशनल लायबिलिटी, ज्याला सगळे ई अँड ओ म्हणतात. घर किंवा गाडीच्या विम्यासारखा तो चालत नाही. तिथं अपघात झाला त्या दिवशी पॉलिसी होती ना, झालं. इथं दावा ज्या दिवशी येईल त्या दिवशी पॉलिसी चालू हवी. काम २०२६ मध्ये केलंस आणि दावा २०३३ मध्ये आला, तर २०३३ ची पॉलिसी पैसे देणार. आणि त्या पॉलिसीवर एक मागची तारीख लिहिलेली असते, तिच्या आधी केलेलं काम धरत नाहीत. दुसऱ्या कंपनीनं स्वस्त दर दिला म्हणून मी एकदा बदलायला निघाले होते. माझ्या ब्रोकर बाईंनी फोन करून विचारलं, नव्या पॉलिसीत मागची तारीख कुठली आहे ते बघितलंत का? त्या वर्षाचीच होती. म्हणजे २०११ पासूनची माझी सगळी कामं एका सहीत उघडी पडली असती, ते बेसमेंटही.

आणि किती वर्षं ही काळजी? क्लायंटला तुझ्यावर निष्काळजीपणाचा दावा करायला काम संपल्यापासून तीन वर्षं. पण रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात तुझ्या पॅरापेटची वीट पडली, तर त्याची वर्षं वीट पडली त्या दिवसापासून. या राज्यात पुष्कळ इतर राज्यांसारखं ठराविक वर्षांनी दार बंद होत नाही. १९९६ मध्ये इंजिनियर-आर्किटेक्टनी बरीच खटपट करून एवढंच मिळवलं की काम होऊन १० वर्षं झाली असतील तर दावा लावायच्या ९० दिवस आधी लेखी कळवायचं, आणि पुरावाही जरा भक्कम लागतो. शिक्षण खात्याचा नियम कागद सहा वर्षं ठेवा म्हणतो. मी ठेवते कायमचे. दाजी म्हणतात गराजमध्ये गाडी कधी ठेवायची. मी म्हणते, गाडीवर कुणी दावा लावणार नाही.

विम्यावरून आठवलं, मॅनहॅटनमधल्या सिटीकॉर्प टॉवरची गोष्ट तुला माहीत असेलच, तू कॉलेजात शिकली असशील. वालचंद कॉलेजात आमच्या वेळी कुणी सांगितली नव्हती, मला इथं येऊन कळली. ५९ मजली इमारत, कोपऱ्यात चर्च होतं म्हणून खांब कोपऱ्यांना न देता प्रत्येक बाजूच्या मध्यावर दिलेले. इमारत उभी राहून ऑफिसं सुरू झाल्यावर, १९७८ मध्ये, विल्यम लमेझरला कळलं की तिरक्या वाऱ्याचा हिशेब नीट धरलेला नाही आणि सांधे वेल्डऐवजी बोल्टचे झालेत. त्यानं स्वतः जाऊन आर्किटेक्टच्या वकिलांना, विमा कंपनीला आणि मालकांना सांगितलं. मग रात्री रात्री, ऑफिसं सुटल्यावर, सांध्यांवर दोन इंच जाडीच्या प्लेटी वेल्ड केल्या. तिकडे अटलांटिकमध्ये 'एला' चक्रीवादळ फिरत होतं. गावाला पत्ता लागला नाही, कारण त्याच वेळी न्यूयॉर्कच्या पेपरांचा संप चालू होता. पुढं १९९५ मध्ये 'न्यूयॉर्कर'मधल्या लेखानं हे बाहेर आलं. त्याच्या विम्यानं २० लाख डॉलर भरले, आणि त्याचा प्रीमियम वाढवायला बसलेल्या विमा कंपनीनं शेवटी तो उलट कमी केला, असं त्यात आहे. लोक त्याला डोक्यावर घेतात, मी तितकं घेत नाही. आत काम करणाऱ्या आणि आसपासच्या लोकांना काहीच न सांगता ते सगळं झालं, हे मला अजून पटत नाही. पण माझ्या ब्रोकर बाई म्हणतात की चूक कळल्यावर पहिला फोन विमा कंपनीला करणारे इंजिनियर विरळा. बहुतेक जण आधी झाकायला बघतात, आणि उशिरा कळवलं म्हणून पॉलिसी हात वर करते.

पॉलिसी हात वर करते ते आणखी एका कारणानं. करारात क्लायंटचा वकील 'उत्कृष्ट दर्जाची सेवा देईन', 'हमी देतो', असले शब्द घुसडून देतो. दिसायला गोड. तू नेहमीच्या इंजिनियरच्या कसोटीला उतरेल एवढी काळजी घ्यायला बांधील असतेस, त्याच्यापुढचं वचन दिलंस तर ते वचन पॉलिसी झाकत नाही. ईजेसीडीसी या इंजिनियरांच्या समितीचे करारनमुने मिळतात, त्यातली भाषा बघून ठेव. आणि दुसऱ्यानं काढलेल्या ड्रॉइंगवर शिक्का मारून दे, पाचशे डॉलर देतो, असं म्हणणारे तुला पहिल्याच महिन्यात भेटतील. आपले देशी लोकच भेटतील, आणि गणेशोत्सवात ओळख काढून भेटतील. शिक्का घरी विसरला म्हणून सांग.

आता जावईबापूंचा विषय. फोनवर तू तो पटकन बोलून पुढं गेलीस, पण मी ऐकलं. "ह्याचंही नाव घालू या, पन्नास टक्के, घरचाच धंदा." अगं, पीएलएलसीत प्रत्येक सभासद लायसन्सधारक लागतो. जावईबापू बँकेत सॉफ्टवेअर इंजिनियर आहेत, त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर इंजिनियर लिहिलंय, पण शिक्षण खात्याच्या दफ्तरी ते नाहीत. आर्किटेक्ट, सर्व्हेअर, भूगर्भवाले, लँडस्केपवाले, यांना तू बरोबर घेऊ शकतेस. नवऱ्याला नाही. २०१२ पासून डिझाइन प्रोफेशनल्सच्या कॉर्पोरेशनचा एक वेगळा प्रकार निघालाय, त्यात लायसन्स नसलेल्यांना पाव हिश्शाच्या आत जागा आहे, पण ती कॉर्पोरेशन, तिची चूल वेगळी. तुझ्या एवढ्याशा सुरुवातीला ते अवजड होईल.

जावईबापूंना हे कसं सांगायचं, हा प्रश्न कायद्याचा नाही, मला कळतंय. दाजींनाही सुरुवातीला लागलं होतं. घर गहाण ठेवताना सही दोघांची, आणि कंपनीत मात्र त्यांचं नाव नाही. मी त्यांना हिशेब बघायला दिले, रीतसर पगार देऊन. आज बिलं वसूल करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. गोड बोलून पैसे काढतात, मला ते जन्मात जमलं नाही.

शिवाय एकटीचं नाव असण्यात तुझा फायदा आहे. राज्याच्या आणि सिटीच्या कामांत स्त्रियांच्या आणि अल्पसंख्याकांच्या फर्मना वाटा असतो, राज्याच्या ठेक्यांत ३० टक्क्यांचं उद्दिष्ट आहे. ते सर्टिफिकेशन मिळायला किमान ५१ टक्के मालकी तुझी, आणि ताबाही तुझा लागतो. मालकी कागदावर आणि निर्णय दुसऱ्याचा असेल तर तपासणीत उघडं पडतं, घरी येऊन विचारतात. तुझं ग्रीन कार्ड आता झालंय, म्हणून हे बोलायला तरी येतंय. एच-वन व्हिसावर असताना तू मला हे विचारलं असतंस तर मी तुला गप्प बसवलं असतं.

आणि ऑफिसातली ती मैत्रीण, जी तुझ्याबरोबर यायचं म्हणते आहे, तिला पन्नास-पन्नास देऊ नकोस. ५१ च्या गणिताचं सोड, दोघींचं पटेनासं झालं तर निर्णय कोण घेणार? न्यूयॉर्कमध्ये लेखी ऑपरेटिंग अॅग्रीमेंट ९० दिवसांत करायलाच लागतं. बहुतेक जण नेटवरून उतरवतात आणि सही करून फायलीत लावतात. तू त्यात एवढं बसून लिही की एकीला सोडायचं असेल तर हिस्सा कितीला, पैसे किती हप्त्यांत. आणि एक जण गेली तर. हो, मेली तर. तिच्या नवऱ्याकडं लायसन्स नाही, तो सभासद होऊ शकत नाही, म्हणजे तिचा हिस्सा तुला विकत घ्यायला लागणार, ते पैसे आणणार कुठून? आम्ही त्यासाठी एकमेकींचे आयुर्विमे काढलेत. माझी भागीदार केरळची आहे. पहिल्यांदा हे बोलताना दोघींना रडू आलं होतं, मग तिनं केळ्याचे वेफर काढले.

कराचं मी वरवर सांगते, बाकी सीपीएला विचार. एकटीची कंपनी असेल तर उत्पन्न तुझ्याच रिटर्नवर येतं, आणि नोकरीत मालक जो अर्धा भार उचलायचा तो सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा १५.३ टक्के सगळा तुझ्या डोक्यावर. पगार येतो तसा कुणी कापून ठेवत नाही. १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी, या तारखा फ्रिजवर लाव. 'एस कॉर्प करून टाका, कर वाचतो' असं मराठी मंडळातले काका सांगतील, ते जर्सीत राहतात. तुझं ऑफिस सिटीत. सिटी एस कॉर्पला ओळखतच नाही, ८.८५ टक्क्यांचा कॉर्पोरेशनचा कर लावते. तसं न करता पीएलएलसीच ठेवलीस तर सिटीचा ४ टक्क्यांचा वेगळा कर आहे, पण सुरुवातीच्या कमाईवर तो सवलतीत जवळजवळ विरून जातो. दोन्ही आकडे मांडून बघ. एक चांगली बातमी: धंद्याच्या उत्पन्नावरची ती २० टक्क्यांची फेडरल वजावट, उत्पन्न वाढलं की डॉक्टर, वकील, सीपीए यांच्या हातून जाते. इंजिनियर आणि आर्किटेक्टना मात्र कायद्यानं नाव घेऊन त्या यादीतून वगळलंय. माझा सीपीए दर वर्षी हे सांगताना थोडा आंबट होतो.

आणि कंपनीच्या कार्डावर पटेल ब्रदर्समधलं किराणा सामान घेऊ नकोस. एकदाही नाही, पाकीट घरी राहिलं तरी नाही. कंपनी आणि तू वेगळ्या आहात असं कोर्टात सांगायचं आणि स्टेटमेंटमध्ये तूरडाळ!

कामाची चिंता करू नकोस. सहा मजल्यांहून उंच इमारतींचे दर्शनी भाग ठराविक वर्षांनी तपासायला लागतात. १९७९ मध्ये ब्रॉडवेवर इमारतीचा तुकडा पडून बार्नर्ड कॉलेजची एक मुलगी गेली, त्यातून १९८० चा कायदा आला, आणि १९९८ मध्ये तो आणखी कडक झाला. २०२२ पासून पार्किंगच्या इमारतींचीही तपासणी सुरू झाली. मोठ्या फर्मना यातली छोटी कामं परवडत नाहीत. तुझ्यासारखीनं स्कॅफोल्डवर स्वतः चढायची तयारी ठेवली तर दोन वर्षं पुरेल एवढं काम सहज आहे. फक्त अशा तपासणीसाठी शहराकडे स्वतःच्या नावाची वेगळी नोंद लागते आणि त्या कामाचा अनुभव दाखवायला लागतो. तोवर माझ्याबरोबर चल, माझ्या देखरेखीखाली तास भर.

शनिवारी ये. येताना लायसन्सचं चालू रजिस्ट्रेशन आण, त्याची मुदत बघून आण, आणि त्या एकोणपन्नास डॉलरवाल्या साइटवर खातं उघडलं असशील तर आधी बंद करून ये. फ्लशिंगच्या देवळाच्या कँटीनमध्ये बसू, डोशाची रांग असते, तेवढ्यात निम्मं काम होईल. नावाचा विचार करून ठेव. शेवटी पीएलएलसी लागणारच, त्याच्या आधी काय ते आपलं. आई म्हणते 'अंबाबाई स्ट्रक्चरल' ठेव, मी तिला म्हटलं, आई, डिपार्टमेंट ऑफ बिल्डिंग्जच्या खिडकीवर रोज स्पेलिंग सांगायला तू येणार आहेस का? ती म्हणाली, येते की, तिकीट काढ.